मेलेला गडी आणि आपली समीक्षा

मराठी विभागांच्या स्टाफरूममध्ये व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. पहिला जुना आणि खर्जातला : मुले बिघडली, वाचन बुडाले, डोळे गेले. दुसरा अलीकडचा, थोडा उदारमतवादी : त्यातही कथा असते, पात्रे असतात, तेव्हा तेही एक प्रकारचे साहित्यच म्हणायचे. पहिल्या सुरातला त्रागा मला समजतो. सकाळी साडेसातच्या तासाला रात्रभर जागलेले डोळे मीही पाहतो. दुसऱ्याचा मात्र मला अधिक कंटाळा येतो. त्यात औदार्याचा आव आणून खेळाला साहित्याच्या ओसरीवर बसवलेले असते. घरात घेतलेले नसते आणि त्याच्या स्वतःच्या घरी जाऊन त्याला भेटण्याचे कष्टही घेतलेले नसतात. मी स्वतः अट्टल खेळाडू नाही. सुट्टीत चार-दोन खेळ खेळतो, बहुतेक अर्धवट सोडतो. तेव्हा पुढील मजकूर तज्ज्ञाचा नव्हे, एका मराठीच्या मास्तराचा आहे हे ध्यानात घेऊनच वाचावा.

आधी शब्दाबद्दल. मराठीत 'खेळ' हा शब्द विलक्षण लवचीक आहे. मुलांचा खेळ, पत्त्यांचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, नाटकाचा खेळ, सिनेमाचा तीनचा खेळ. खेळणे आणि दाखवणे या दोन क्रियांना आपण एकाच शब्दात नांदवले आहे. 'डाव' हा शब्दही तसाच : खेळाची एक फेरी, कुस्तीतली एक युक्ती, कपट आणि मोडणारा संसार, सगळे त्यात मावते. आपल्या आद्य गद्यग्रंथाच्या नावातच 'लीळा' आहे. एवढी शब्दसंपत्ती हाताशी असताना आपल्या समीक्षेने खेळाचा विचार किती केला? देरिदाने १९६६ साली दिलेल्या व्याख्यानातली चिन्हांची क्रीडा आपण भाषांतरून घेतली, तिच्यावर चर्चासत्रे भरवली, प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा प्रश्नही घातला. पण सारीपाट, काचापाणी, हुतूतू यांच्याकडे समीक्षकाची नजर वळली नाही. ते लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांकडे सोपवले, आणि त्यांनी बहुधा त्यांची यादी केली.

युरोपात हा विचार झाला. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसवले. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांच्या चार प्रवृत्ती सांगितल्या : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. यातील चौथी मला फार आवडते. भोवळ हे खेळण्याचे कारण असू शकते हे मान्य करायला एक प्रकारचे धाडस लागते. फुगडी घालणाऱ्या बायकांना ते कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

संगणकावरचे खेळ आले तेव्हा हा वाद साहित्याच्या विभागांपर्यंत पोचला. १९९७ साली दोन पुस्तके आली. जेनेट मरी यांच्या पुस्तकाने संगणक हे कथनाचे नवे माध्यम होऊ शकेल अशी आशा मांडली, तर एस्पेन आर्सेथ यांनी वाचकाला कष्ट करायला लावणाऱ्या, त्याच्या कृतीशिवाय पुढे न सरकणाऱ्या संहितांचा विचार केला. पुढे या दोन दिशांतून एक गमतीदार भांडण उभे राहिले. निमित्त होते टेट्रिसचे. हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतील संगणक केंद्रात बसून रचला. ज्या यंत्रावर रचला त्याला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवले होते. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे जत्रेत आणि एसटी स्टँडवर मिळणारा तो करडा 'ब्रिक गेम' आठवतो ना, तोच हा. वरून ठोकळे पडतात, ते बसवायचे, ओळ भरली की नाहीशी होते. मरी यांनी त्याचा अर्थ लावला : कामांच्या भाराखाली दबलेल्या, एक काम संपवताच दुसरे अंगावर येणाऱ्या अमेरिकन माणसाच्या जगण्याचे हे रूपक आहे. त्यावर मार्क्कू एस्केलिनेन या फिनिश अभ्यासकाने २००१ साली, खेळांच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात, कडाडून टीका केली. खेळ काय आहे हे पाहण्याऐवजी त्यात नसलेली गोष्ट हुडकत बसणे ही अर्थ लावण्याची जबरदस्ती आहे, असा त्याचा आशय.

मराठीच्या वर्गात वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे भांडण फार ओळखीचे वाटते. कवितेत नसलेला आशय काढून दाखवणारे आणि कवितेत फक्त रचना पाहणारे असे दोन तट आपल्याकडेही आहेत. माझे मत विचाराल तर दोघेही निम्मे बरोबर आहेत, पण मरी यांच्या वाचनातली अडचण वेगळीच आहे. सोव्हिएत संशोधन केंद्रात जन्मलेल्या खेळात अमेरिकन कार्यालय दिसणे हा दोष म्हणता येत नाही. वाचक आपले जगणे घेऊनच वाचतो. अडचण अशी, की ते वाचन खेळाच्या चित्राचे आहे, नियमाचे नाही. टेट्रिसचा खरा नियम असा, की त्यात जिंकता येतच नाही. कितीही कौशल्य असो, वेग वाढत जातो आणि शेवटी ढीग वरपर्यंत पोचतो. केवळ हरण्याची वेळ पुढे ढकलता येते. कामाच्या भाराबद्दल बोलायचेच असेल तर इथून सुरुवात करायला हवी होती.

खेळाचा अर्थ त्याच्या चित्रात किंवा कथेत कमी आणि नियमात जास्त असतो, हे मला सर्वात लख्ख दिसले ते पडद्यावर नव्हे, मैदानावर. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळली जाते ती कबड्डी एका विशिष्ट नियमावलीची आहे. त्याआधी देशभर या खेळाचे तीन प्रमुख प्रकार चालत : संजीवनी, गामिनी आणि अमर. या तिन्हींत फरक एवढाच, की मेलेल्या गड्याचे काय करायचे. आपण 'बाद' हा शब्द नंतर शिकलो. मैदानावर गडी 'मरतो'च. संजीवनीत आपण प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी जिवंत होतो, आणि तोही ज्या क्रमाने मेले त्या क्रमाने. म्हणजे मैदानाबाहेर मेलेल्यांची रांग असते आणि प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहत असतो. गामिनीत मेलेला मेला. सगळा संघ मरेपर्यंत त्याने बाहेर बसायचे. एक एक करत मैदान रिकामे होत जाते आणि उरलेला शेवटचा गडी एकटा दम घेऊन जातो. अमरमध्ये गडी मरतो, गुण जातो, पण तो मैदान सोडत नाही. मरणाची नुसती नोंद होते.

या तीन नावांकडे पुन्हा पाहावे. ती कोणी ठेवली याची मला कल्पना नाही, पण ज्याने ठेवली त्याला नियमांतून आशय कसा निर्माण होतो हे नेमके कळले होते. एकच मैदान, तोच दम, तीच चढाई. पण मरणाचा नियम बदलला की खेळाची भावावस्था बदलते. संजीवनीत मित्रासाठी लढता येते. गामिनीत एकटेपण आहे. अमरमध्ये हिशोब आहे.

आता पडद्याकडे येऊ. २०१८ साली भारतातल्या मोबाइलवर आलेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आलेला पबजी काय होता? शंभर माणसे एका बेटावर उतरतात, मेलेला परत येत नाही, शेवटी एक उरतो. ही गामिनीच. गामिनीतल्या शेवटच्या गड्याची छातीतली धडधड हेच त्याचे भांडवल. बंदुका दुय्यम आहेत. बंदुका असलेले खेळ त्याआधी शेकड्यांनी होते. उलट, ज्या खेळांत मेल्यावर दोन सेकंदांनी दुसऱ्या कोपऱ्यात उभे राहता येते आणि फक्त गुण मोजले जातात तो सगळा 'अमर'चा वंश. आमच्या पिढीने टीव्हीला जोडून खेळलेला काँट्रा यांपैकी कशातच पुरता बसत नाही. त्यात एक गोळी लागली की मरण, आणि जीव तीनच. मात्र वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे अशी कळ फिरवली की तीस जीव मिळत. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती तोंडोतोंडी आळीतून आळीत आणि गावातून गावात गेली. मौखिक परंपरेवर व्याख्यान देताना हे उदाहरण द्यायला मला कधी संकोच वाटला नाही. विद्यार्थ्यांना ते ओव्यांच्या उदाहरणापेक्षा लवकर कळते, याचे वाईट वाटते खरे.

पण मरणाच्या बाबतीत मला सर्वात अस्वस्थ करणारा खेळ प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर याने १९८९ साली तो प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले, आणि त्यावरून चित्रे काढली. त्यामुळे तो राजपुत्र कठपुतळीसारखा हलत नाही. त्याच्या शरीराला वजन आहे, उडी चुकली की ते वजन जाणवते. शाळेतल्या संगणकाच्या खोलीत फ्लॉपीवरून चालणारा तो खेळ पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात राजपुत्र कितीही वेळा मरू शकतो. टोकदार सळ्यांवर, खोल खड्ड्यात, तलवारीने. मेला की त्या मजल्याच्या सुरुवातीला पुन्हा उभा. मात्र राजकन्येला वाचवायला साठच मिनिटे आहेत आणि ती मिनिटे मेल्यावर परत मिळत नाहीत. मरण क्षम्य आहे, वेळ क्षम्य नाही. शोकात्म नाट्याबद्दल आपण वर्गात जे सांगतो, की नायकाचा मृत्यू हे शोकाचे केवळ निमित्त, खरा शोक तो उशिरा शहाणा होण्याचा, ते इथे दोन साध्या नियमांत बसवलेले आहे. यासाठी एकही वाक्य लिहावे लागलेले नाही. म्हणूनच मी याला साहित्य म्हणणार नाही. साहित्याला यासाठी वाक्ये लागतात आणि ते त्याचे वैभव आहे.

रॉजर ईबर्ट या अमेरिकन चित्रपटसमीक्षकाने २०१० साली व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत असे लिहिले, गदारोळ झाला, आणि काही महिन्यांत त्याने आपला सूर बराच मवाळ केला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने टेट्रिससह चौदा खेळ संग्रहात घेतले. असो. कला म्हणायचे की नाही हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. संग्रहालयात गेल्याने टेट्रिस बदलला नाही.

मोक्षपटाचे उदाहरण अधिक मोलाचे आहे, कारण ते आपल्या दारातले आहे. सापशिडीचा हा पूर्वज. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, तो श्रेयनिर्देश निर्विवाद नाही. पण जुने पट आहेत, घराघरांतून आणि संग्रहांतून मिळालेले आहेत. घरांना गुणावगुणांची नावे, सद्गुणाच्या पायी शिडी, दुर्गुणाच्या तोंडी साप, सर्वात वर मोक्ष किंवा वैकुंठ. त्याबद्दल नेहमी म्हटले जाते, की खेळता खेळता मुलांना नीती शिकवणारा हा पट. मला तसे वाटत नाही. पटावर लिहिलेले एक सांगते आणि नियम दुसरेच सांगतो. या खेळात खेळणाऱ्याला निवड कुठे आहे? कवड्या पडतील तेवढी घरे चालायचे. दयेच्या घरात मी दयाळू झालो म्हणून पोचत नाही, आणि मत्सराच्या सापाने गिळले तेव्हा मी कोणाचाही मत्सर केलेला नसतो. कर्माचा उपदेश करणाऱ्या खेळात कर्माला जागाच नाही! याला दोन उत्तरे संभवतात. रचणाऱ्याची नियमावर पकड नव्हती, हे एक. दुसरे असे, की त्याला हेच म्हणायचे होते : शिडी मिळते ती कृपेने, तुमच्या पुण्याईने नव्हे. भक्तिसंप्रदायाशी ओळख असलेल्याला दुसरे उत्तर अगदीच परके वाटू नये. इयन बोगोस्त या अभ्यासकाने २००७ साली मांडलेला मुद्दा, की खेळ आपल्या नियमांतून आणि प्रक्रियेतून युक्तिवाद करतो, तो शिकवायला मला याहून चांगला पाठ मिळत नाही.

खेळांच्या बाजूने एवढे बोलल्यावर माझी तक्रार कोणाबद्दल आहे हेही सांगितले पाहिजे. हिंसेबद्दल नाही, आपली महाकाव्ये शिकवणाऱ्याने हिंसेची तक्रार करू नये. तक्रार त्या खेळांबद्दल आहे ज्यांचा नियम खेळणाऱ्यासाठी नसून गल्ल्यासाठी केलेला असतो. फुकट मिळतो, मग चार तास थांबायला लावतो, थांबायचे नसेल तर पैसे मागतो. रोज हजेरी लावली की बक्षीस देतो, एक दिवस चुकली की मागचे पुण्य पुसून टाकतो. आत काय निघेल ते न सांगता पेट्या विकतो. या पेट्या म्हणजे जुगारच असे बेल्जियमच्या नियामकाने २०१८ सालीच ठरवले. आपल्याकडे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असे म्हटले होते आणि तेव्हापासून कौशल्य की नशीब हा वाद चालत आला होता. नव्या कायद्याने तो भेदच बाजूला ठेवला : पैसा लावला की पुरे. कायद्याच्या बऱ्यावाईट परिणामांबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. समीक्षक म्हणून मात्र मला तो निकष विचार करण्याजोगा वाटतो. हरणे हा ज्याचा गाभा आहे त्या व्यवहारात, हरण्याची किंमत मैदानाबाहेर घरातल्यांनी मोजायची असेल, तर त्याला खेळ म्हणणे भाषेवर अन्याय आहे. मराठीला त्यासाठी 'जुगार' हा स्वच्छ शब्द होता. जाहिरातींनी तो पुसून 'गेमिंग' आणले आणि आपण भाषेची माणसे गप्प राहिलो.

शब्दांचाच विषय निघाला म्हणून एक प्रसंग. अंतर्गत परीक्षेत ग्रामीण कादंबरीतील गौण पात्रांवर प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने लिहिले, की या कादंबरीतल्या मजूर बायका नायकाच्या दृष्टीने 'एनपीसी' आहेत; नायक जवळ गेला की त्या एक वाक्य बोलतात, तो वळला की थांबतात. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : खेळात जी पात्रे कोणी माणूस खेळत नाही, यंत्र चालवते, ती एनपीसी. तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून दोन गुण कापले. अपशब्द समजून की परशब्द समजून, ते स्पष्ट झाले नाही. विभागात त्यावर अर्धा तास वाद झाला आणि गुण काही वाढले नाहीत. माझ्या मते 'गौण पात्र' या आपल्या संज्ञेपेक्षा त्या मुलाची संज्ञा अधिक अचूक होती. 'गौण' म्हणताना आपण लेखकाने दिलेली जागा निमूट मान्य करतो. 'एनपीसी' म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : मग खेळतो आहे कोण? आणि हिला खेळू का दिले नाही? स्त्रीवादी समीक्षा आणि दलित साहित्यविचार ज्या प्रश्नाशी पोचायला वळसा घालून जातात तिथे हा मुलगा एका उडीत पोचला होता. त्याला ते सिद्ध करता आले नव्हते, हे मान्य. सिद्ध कसे करायचे ते शिकवणे हे आपले काम होते.

याच शब्दाची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. साधारण २०१८ पासून समाजमाध्यमांवर तो खऱ्या माणसांसाठी शिवी म्हणून वापरला जातो. ज्याचे मत आपल्याला पटत नाही तो स्वतःची बुद्धी नसलेला, कोणीतरी चालवलेला, म्हणून एनपीसी. पुस्तकातल्या अन्यायावर बोट ठेवणारा शब्द रस्त्यातल्या माणसाला माणूसपणातून उठवायलाही वापरता येतो. हे दोन्ही उपयोग एकाच वर्गात, एकाच तासाला ऐकू येतात. वाचन कमी झाल्याची ओरड करणाऱ्यांनी निदान हे ऐकावे. भाषा इथे घडते आहे आणि बिघडतेही आहे.

मराठीचा संबंध याहून थेट असायला हवा होता. २०२० साली आलेला 'राजी' हा खेळ पुण्यातल्या एका छोट्या चमूने केला. सर्कशीत वाढलेली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपसांत बोलत सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. पाहायला देखणा आहे. लढाया मला थोड्या एकसुरी वाटल्या. पण पुण्यात घडलेल्या या खेळाचे मूळ संवाद इंग्रजी आहेत. दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कानाला जे होते ते सांगणे कठीण आहे. बाजाराची गणिते मला कळतात. त्या मंडळींना दोष नाही. पण असा संवाद मराठीत लिहायचा म्हटला, तर लिहील कोण? खेळणाऱ्याने कोणते दार आधी उघडले त्यावर वाक्य बदलते, तेच वाक्य दहादा ऐकूनही विटू नये अशी त्याची घडण हवी. आमच्या अभ्यासक्रमात जाहिरातलेखन आहे, वृत्तलेखन आहे, मुलाखतीचे तंत्र आहे; हे नाही.

यंदा दुसऱ्या सत्रात सहा तास मागून घेतले आहेत. मोक्षपट, हुतूतूचे तीन प्रकार, आणि टेट्रिस. मुलांनी आपापल्या गावातल्या एका खेळाचे नियम घरच्या मोठ्यांना विचारून लिहून आणायचे, मेलेल्याचे काय होते ते न विसरता. पटाची छायाप्रत तयार आहे. कवड्या बाजारात मिळतात, पण त्या फार गुळगुळीत असतात आणि उलट्या-सुलट्या नीट पडत नाहीत. कोणाकडे जुन्या असतील तर महिनाभरासाठी हव्या आहेत.